रतन भोईरच्या घरातले दोन मसाले

आमच्या डंकावरचा कॉम्प्युटर दर उन्हाळ्यात मरायचा. का मरतो ते सांगायला कुणी इंजिनिअर नको होता. मार्चपासून डंक सकाळी जो सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत धाड धाड, हवेत लाल मिरचीचा खकाणा, आणि तो बिचारा डबा कोपऱ्यात बसून स्वतःच्या पंख्याने तो खकाणा आत ओढून घ्यायचा. दुरुस्तीवाला यायचा, झाकण उघडायचा आणि शिंकत बाहेर पळायचा. एकदा म्हणाला, "काकी, याला मी नाही, डॉक्टर पाहिजे." मी म्हटलं, "आधी तुला पाहिजे. नाक पूस."

मी शीला. कल्याणला आमचं मसाला कांडप आहे. पाटीवर कांडप केंद्र लिहिलंय, पण लोक डंकच म्हणतात. सासूबाईंनी सुरू केलेलं, त्यांच्यानंतर गल्ल्यावर मी. मिरची कांडून कुणीही देतं हो, त्यात काय मोठंसं. आमच्याकडे लोक येतात ते मापासाठी. माप म्हणजे त्या त्या घरच्या मसाल्याचं प्रमाण. बेडगी किती, लवंगी किती, धणे किती, दगडफूल टाकायचं का, हळकुंड तळायचं की नुसतं भाजायचं. गिऱ्हाईक येऊन फक्त "नेहमीचा" म्हणतं. पुढचं आमचं काम. आणि हे माप बायका चारचौघात सांगत नाहीत. गल्ल्यावर वाकून कानात सांगतात. सख्खी जाऊ शेजारी उभी असेल तर तिला आधी पाणी आणायला पाठवतात, मग सांगतात.

ही सगळी मापं आमच्या ह्यांनी, म्हणजे दौलतरावांनी, कॉम्प्युटरमध्ये घातली. दोन बोटांनी टाइप करत घातली आणि मग बाजारभर मिरवले. त्यात एकच गोष्ट त्यांनी त्यांच्या डोक्याने केली. रेशनकार्डावर असतं तसं प्रत्येक मापाला घरातल्या पुरुषाचं नाव दिलं. ज्याला धणे आणि जिरं ओळखता येत नाही त्याच्या नावावर मसाला. मी तेव्हाच म्हटलेलं, पण आमच्या घरात माझं ऐकतं कोण, असं मी नेहमी म्हणते आणि हे नेहमी हसतात.

मग संचिता आली. माझी सून. डोंबिवलीच्या नोकरदार घरातली, ठाण्याला कॉम्प्युटर कंपनीत चांगल्या पदावर. माझा मुलगा सुशांत डंकाकडे फिरकत नाही, मिरचीची ॲलर्जी आहे म्हणतो. मी त्याला आळस म्हणते. पण ही पोरगी सुट्टीच्या दिवशी नाकाला रुमाल बांधून गल्ल्यावर बसायला लागली, आणि एक दिवस नोकरी सोडून आलीच. म्हणाली, "आई, मला हे करायचंय." मी वरून म्हटलं, बघू किती दिवस टिकतेस. आतून मला जे वाटलं ते मी तिला सांगितलं नाही. लगेच डोक्यावर बसवायचं नसतं कुणाला.

तिने आल्या आल्या टिटवाळ्याला ऑर्डर घ्यायचं काउंटर काढलं. आमची कितीतरी गिऱ्हाइकं तिकडच्या नव्या बिल्डिंगांत राहायला गेलेली, त्यांची सोय झाली. पण मापं सगळी कल्याणच्या त्या खोकणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये. टिटवाळ्याहून फोन, "काकी, अमक्यांचं माप सांगा," आणि इकडे डंकाच्या आवाजात मी ओरडून सांगतेय. गुपित कसलं, अर्ध्या गल्लीला ऐकू जायचं. त्यातच ऐन एप्रिलमध्ये कॉम्प्युटर मेला. बाहेर रांग, आत मी डोकं धरून आठवून आठवून मापं सांगतेय. त्या दिवशी संचिता म्हणाली, "आता हे सगळं क्लाऊडवर न्यायचं."

मी म्हटलं, "लोकांनी विश्वासाने कानात सांगितलेलं तू जगाच्या चव्हाट्यावर मांडणार?"

"चव्हाट्यावर नाही हो आई. तुमचे दागिने तुम्ही घरात ठेवता का? लॉकरमध्ये ठेवता. लॉकर दुसऱ्याचा, किल्ली तुमची. तसंच. कॉम्प्युटर मेला तरी मापं मरणार नाहीत."

हे लगेच मान हलवायला लागले. ह्यांना लॉकर म्हटलं की सगळं पटतं. मला पटलंही असेल, पण मला राग आलेला. बाईच्या जातीने जन्मभर डोक्यात सांभाळलेलं काम कुणीतरी येऊन सहज उचलून नेतंय, असं वाटत होतं. डंकावरच्या सगळ्या बायकांसमोर मी तिला सांगितलं, "एका घराचा जरी मसाला चुकला ना, तर हे सगळं बंद. आणि तू तुझी ठाण्याची नोकरी परत धरायची. डंकावर मला दिसायचं नाही."

"चालेल, आई," ती म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

काम थंडीत झालं, तेव्हा डंक निवांत असतो. तिच्याबरोबर कंपनीत असलेला विनीत नावाचा मुलगा आता स्वतः हेच काम करतो, त्याला बोलावलं. गुणी मुलगा. मिरचीच्या वासात दिवसभर बसायचा, डोळे लाल करून चहा प्यायचा. पहिल्या दिवशी संचिताने त्याला आमच्या कॉम्प्युटरमधलं जे काय होतं ते सगळं जसंच्या तसं वर चढवायला लावलं. हे म्हणाले, "अगं, आधी साफ तरी कर. केरकचरा पण वर नेणार?" ती म्हणाली, "बाबा, घर बदलताना आधी सगळं सामान हलवायचं. निवडायचं ते नव्या घरात. ही कॉपी अशीच बाजूला राहील, तिला कुणी हात लावायचा नाही."

मग निवडणं सुरू झालं. विनीतचा प्रोग्रॅम दाखवायचा की हे नाव दोनदा आलंय, नाव तेच, पत्ता तोच, फोन तोच, एकत्र करू का? सुरुवातीची नावं संचिताने स्वतः तपासली. ती खरंच दोनदा होती. ह्यांच्या दोन बोटांची कृपा. मग ती म्हणाली, बाकीचीही कर एकत्र, जे माप नवं असेल ते ठेव. मला विचारायला आली नाही, कारण ते दोघं बसायचे त्या खोलीत मी पाय ठेवणार नाही असं सांगून मी मोकळी झालेले.

आणि मार्च आला तो काय सांगू तुम्हाला. टिटवाळ्याच्या काउंटरवरून ऑर्डर आली की आमच्या भट्टीपाशी लावलेल्या पडद्यावर माप हजर. ओरडणं नाही, शोधाशोध नाही. गिऱ्हाईक चहा संपवेपर्यंत काम मार्गी. कॉम्प्युटरचा डबा ह्यांनी भंगारात देऊन टाकला आणि त्या कोपऱ्यात मी धण्याची पोती रचली. शेजारच्या किराणावाल्याच्या बायकोला मी मुद्दाम बोलावून दाखवलं. "आमच्या सुनेने केलंय सगळं," मी म्हटलं, आणि संचिता आत आल्यावर पुन्हा तोंड वाकडं करून बसले. सवय असते माणसाला.

मग विमलाबाईंचा फोन आला.

विमलाबाई भोईर म्हणजे दिवा स्टेशनकडच्या एका जुन्या गावातली मोठी बाई. सासूबाईंच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, मी त्यांना मावशी म्हणते. त्या जिथे मसाला कांडतात तिथेच ते आख्खं गाव कांडतं. नातवाचं लग्न जवळ आलेलं. हळदीला सगळं गाव मटण जेवायला येणार, आणि हळदीच्या जेवणाची चव वर्षभर लोकांच्या तोंडात असते. त्यांचा मुलगा रतन, त्याने टिटवाळ्याच्या काउंटरवर ऑर्डर दिलेली. आईचा नेहमीचा, लग्नासाठी, भरपूर. आम्ही करून टेम्पोने पाठवून दिला.

"शीला," विमलाबाई म्हणाल्या, "ह्यो मसाला कोनाचा?"

"तुमचाच, मावशी."

"माजा नाय. मी चाखलाय. ह्यो माज्या सुनंचा हाय."

त्या घरात सासू-सुनेच्या चुली कधीच्या वेगळ्या. भांडण नाही काही, सणाला एकत्र जेवतात, एकमेकींच्या दुखण्याला धावतात. पण मसाला ज्याचा त्याचा. सून योगिनी काश्मिरी मिरची जास्त घालते, रंगासाठी. विमलाबाई त्याला शाळेतला रंग म्हणतात. आणि आता त्यांच्या नातवाच्या हळदीला गाव योगिनीच्या मापाचं मटण जेवणार होतं. "तुज्या सासूनं असा घोल कदी केला नवता," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी संचिताला हाक मारली. तिने फोन उघडून रतन भोईर शोधला. एकच निघाला.

"अगं, एक कसा? रतन भोईर दोन आहेत. पहिला आईचा, दुसरा बायकोचा."

संचिताने फोन खाली ठेवला. "आई, हे कुठे लिहिलेलं होतं?"

"लिहायचं कशाला? मला माहीत आहे."

मग तिलाही कळलं आणि मलाही. नाव घरातल्या बुवाचं, पत्ता तोच, फोन तोच, आणि माप दोन बायकांचं. त्या प्रोग्रॅमला कसं कळावं की एका छपराखाली दोन मसाले असतात? त्याने जुनं, सासूचं माप बाजूला सारलं आणि सुनेचं ठेवलं. आणि अशी घरं आमच्याकडे एक का आहेत? या पट्ट्यात एकत्र घरांना काय तोटा.

तिने ती पहिली कॉपी उघडली, कुणी हात न लावलेली. त्यात विमलाबाईंचं माप जसंच्या तसं होतं, ह्यांच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मला वाटलं सुटलो. मी म्हटलं, "चल, लगेच भट्टी पेटवूया." तर ही पोरगी उठली आणि तिने डंक बंद केला. ऐन सीझनमध्ये, बाहेर रांग लागलेली असताना. डंक थांबला की आमच्याकडे इतकं शांत होतं की रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघतात.

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले.

"आई, एक चुकलाय. दुसरा चुकू द्यायचा नाही. तुम्ही इथे बसा माझ्याजवळ. मी नाव वाचते, तुम्ही सांगा कुणाचं."

तिच्या आवाजात असं काही होतं की मी बसले. ती एकेक जोडी वाचायची, मी सांगायची. हे सासूचं. हे सुनेचं. ही थोरली जाऊ, तिला हिंग चालत नाही. ही मुलगी माहेरी परत आलीय, तिचा वेगळा. कुठे मी अडले की संचिता फोन लावायची. "ताई, तुमचं नाव सांगा. मिस्टरांचं नको, तुमचं." पलीकडे बाईला आधी खरंच वाटायचं नाही. एकजण तर हसायलाच लागली, म्हणाली, मसाल्याला माझं नाव लावणार? लाव बाई, घरात दुसऱ्या कशाला नाही. संध्याकाळ होईपर्यंत प्रत्येक माप ज्या बाईचं तिच्या नावावर झालं. आणखी काही मापं एकत्र झालेली, पण त्यांचा मसाला अजून कांडला गेला नव्हता. वाचलो. बाहेरच्या रांगेतलं कुणी गेलं नाही. हे सगळ्यांना चहा देत फिरत होते आणि जरा जास्तच माहिती सांगत होते.

आणि मी, जी त्या खोलीत पाय ठेवणार नव्हते, ती मध्येच तिला म्हणाले, "अगं, माझ्या डोक्यात एवढं सगळं आहे हे मलाच माहीत नव्हतं." ती म्हणाली, "मला माहीत होतं, आई. म्हणून तर मला ते जपून ठेवायचं होतं."

मी उठून पाणी प्यायला गेले. मिरचीमुळे डोळ्यांत पाणी येतंच आमच्याकडे, कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाबाईंचा मसाला संचिताने स्वतः केला. मिरचीची देठं स्वतः बघितली, धणे स्वतः भाजले, डंकासमोर शेवटपर्यंत उभी राहिली. विनीतचा फोन आला, बिचारा रडवेला. "काकू, चूक माझ्या प्रोग्रॅमची. मी येऊन बोलतो त्यांच्याशी." संचिताने माझ्या हातातून फोन घेतला. "प्रोग्रॅमने विचारलेलं, विनीत. हो मी म्हटलेलं." ह्यांचं वेगळंच. म्हणाले, "मी जातो. चार गोड शब्द बोलतो, कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांगतो. कॉम्प्युटरवर ढकलायला काय जातंय?"

"बाबा, कॉम्प्युटर बिघडला नव्हता," ती म्हणाली आणि पिशव्या उचलायला लागली.

आम्ही दोघी रिक्षाने निघालो. मसाला अजून कोमट, पिशव्या आमच्या पायांशी, रिक्षावाला सारखा खाकरतोय. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, सीझन संपेपर्यंत मला राहू द्या. विनीतला सगळं नीट समजावून देते, तो बघेल पुढे. मग मी ठाण्याला विचारते, जागा असेल तर."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. मी सगळ्यांसमोर बोललेले ते. एका घराचा जरी मसाला चुकला तर. माझी जीभ ही अशी. तिने एका शब्दाने वाद घातला नव्हता तेव्हा, आणि आता गुपचूप शब्द पाळायला निघालेली. पण बोललेलं परत कसं घ्यायचं हे मला कधी शिकवलेलंच नाही कुणी, मी आपली बाहेरच्या ट्रकांकडे बघत बसले.

विमलाबाईंच्या दारात मांडव पडत होता. अंगणात बायका तांदूळ निवडत बसलेल्या, योगिनी त्यांच्यात होती. ओट्यावर विमलाबाई, नाकात नथ नाही पण रुबाब नथीचा. आम्हाला बघून अंगणातलं बोलणं थांबलं. संचिताने पिशव्या ओट्यावर ठेवल्या, वाकून नमस्कार केला आणि उभी राहून सांगायला लागली. काही लपवलं नाही. नाव रतनदादांचं होतं, मापं दोन होती, मशीनने एकत्र करू का विचारलं आणि मी न बघता हो म्हटलं. चूक माझी. कालच्या मसाल्याचं आम्ही काही घेणार नाही, हा तुमच्या मापाचा करून आणलाय.

"माजा मसाला म्हने ढगान ठेवलास," विमलाबाई म्हणाल्या. "कोन कोन बगतंय तो?"

"कुणी नाही, मावशी. आमच्या डंकावर आणि काउंटरवर उघडतो, तोही तुमचा कुणी मागितला तरच. हे बघा." तिने फोन पुढे केला. वर मोठ्या अक्षरांत विमल भोईर. "योगिनीताईंचा त्यांच्या नावावर वेगळा. तुमचा त्यांना दिसणार नाही, त्यांचा तुम्हाला दिसणार नाही."

तांदूळ निवडता निवडता योगिनी म्हणाली, "त्यांना माजा पायजे पन नाय." अंगणात हसू पिकलं. विमलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन जवळ घेतला, आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग पिशवी सोडली, चिमूटभर मसाला तळहातावर घेतला, वास घेतला, जिभेवर ठेवला. डोळे मिटून बसल्या. मी सासूबाईंचं नाव घेतलं मनात.

"ह्यो माजा," त्या म्हणाल्या.

पण त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी संचितावरून नजर काढली आणि माझ्याकडे वळवली. "शीला, तुजी सून खरं बोलली. मना आवडलं. पन ही आज हाय, उंद्या नोकरीला जाईल. मी सुनंचा शबुद घेऊन काय करू? आख्खा गाव तुमच्या भरवशावर मिरची देतंय. परत असा व्हनार नाय, ह्यो शबुद मना मालकिनीचा पायजे."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. संचिता दोन पावलं मागे सरकली, मला जागा करून दिली. मान खाली. तिला वाटलं, आता ही बोलणार, शब्द देणार, आणि आपलं काम इथे संपलं.

मी जागची हलले नाही.

"मावशी," मी म्हटलं, "मघापासून मालकिणीशीच बोलताय तुम्ही."

संचिताने वर बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर मला पुढचं बोलता आलं नसतं. "शब्द द्यायचा तर तीच देईल. मी आता तिच्या हाताखाली आहे. बोल गं, त्या थांबल्यात."

अंगणात कुणी तांदूळ निवडत नव्हतं. माझी सून पुढे आली, ओट्याच्या पायरीवर उभी राहिली आणि डंकावर ज्या आवाजात बोलावं लागतं त्या आवाजात म्हणाली, "मावशी, मी संचिता. डंक माझा आहे. तुमचा मसाला पुन्हा चुकणार नाही."